बोटीचा ट्रेलर ओढायला मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

डिझेल पिकअपला जड ट्रेलर जोडला की कोकणात तिची परीक्षा दोन ठिकाणी होते: धक्क्याच्या ओल्या उतारावरून बोट वर काढताना आणि कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना. धक्क्याच्या उतारावर मॅन्युअल गाडीत, बोटीचे वजन हलेपर्यंत क्लच अर्धवट धरावा लागतो आणि क्लचप्लेट घासून तापते. ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर मात्र तेलातून जोर पोहोचवतो, शिवाय सुरुवातीला टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवूनही देतो, त्यामुळे गाडी हिसका न देता निघते. टोयोटा हायलक्सचे २.८ लिटर इंजिन मॅन्युअलमध्ये ४२०, तर ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देते, हेही बोलके आहे. लो रेंज (फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतला कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) वापरल्यास मॅन्युअलची ही उणीव बरीच भरून निघते, पण तो लावण्याचा अनेकांना कंटाळा असतो.

घाटउतारावर मात्र मी मॅन्युअलच पसंत करीन. दुसऱ्या गिअरमध्ये टाकलेली गाडी त्याच गिअरमध्ये राहते, इंजिन वेग रोखते आणि ब्रेक कमी तापतात. ऑटोमॅटिकमध्येही गिअर हाताने निवडता येतो, परंतु चालक तो निवडेलच असे नाही. दुरुस्तीत तर तुलनाच नको: क्लचप्लेट बदलणारा मिस्त्री चिपळूणला सहज मिळतो.