अंड्यांचा जुना तराजू: ॲक्मे घ्यावा की जिफी-वे?

जुना तराजू केवळ स्वयंपाकघरातल्या फळीवर शोभेसाठी मांडायचा असेल, तर जिफी-वे घ्यावा, कारण त्याच्या रंगीत पट्ट्यांपुढे ॲक्मेचा करडा ॲल्युमिनियम अगदीच फिका वाटतो. मात्र त्यावर रोजची अंडी तोलायची असतील, तर निर्णय इतका सोपा राहत नाही. मी मिनेसोटात राहतो, परसात नऊ कोंबड्या आहेत आणि हे दोन्ही तराजू मी वर्षभर आलटून पालटून वापरले आहेत.

दोन्ही याच राज्यातले: ॲक्मे सेंट पॉलचा, त्यावर 1924 सालच्या पेटंटची नोंद आहे, जिफी-वे ओवाटोना गावचा, त्याचे पेटंट 1940 चे. एक अंडे ठेवले की काटा तशा बारा अंड्यांचे वजन औंसांत दाखवतो, कारण येथे अंड्यांचा आकाराचा वर्ग डझनाच्या वजनावर ठरतो. डझन 24 औंस भरले तर मोठे, 21 भरले तर मध्यम, 18 भरले तर लहान. अंडी नगावर घेत लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब अंगवळणी पडायला थोडा वेळ लागला.

वापरायला जिफी-वे अधिक सोयीचा आहे, हे मान्य करायला हवे. तो टेबलावर ठाम बसतो, आणि खुराड्यातून आल्यावर चष्मा न लावताही कोणत्या पट्टीवर काटा थांबला ते कळते. ॲक्मे त्या मानाने हलका; अंडे ठेवल्यावर त्याचा काटा बराच वेळ डोलत राहतो आणि घाईच्या सकाळी ते सोसत नाही. टेबल कलते असेल तर दोघेही चुकतात, म्हणून मी एका पायाखाली घडी केलेले पोस्टकार्ड सरकवून ठेवले आहे.

असे असूनही माझे मत फिरले ते रंगामुळे. माझा जिफी-वे मी एका जुन्या वस्तूंच्या बाजारातून ‘नव्यासारखा करून दिलेला’ म्हणून घेतला होता. पुढे काही आठवडे माझी बरीच अंडी मध्यम वर्गात पडू लागली आणि मी कोंबड्यांच्या खाद्याला दोष देत राहिलो. शेवटी नाण्यांनी पडताळा घेतला. नेहमीच्या चलनातले, 1965 नंतरचे पाव डॉलरचे नाणे 5.67 ग्रॅमचे असते. दहा नाणी म्हणजे बरोबर दोन औंस, अर्थात मोठ्या अंड्याची किमान मर्यादा. ती एकावर एक रचून ठेवली तेव्हा ॲक्मेचा काटा 24 वर थांबला, तर जिफी-वेचा मध्यमच्या पट्टीत, सीमेपासून तांदळाच्या दाण्याएवढा अलीकडे. पट्टीच्या कडेचा रंग नखाने हळूच खरवडला, तर खाली जुना रंग आणि त्याची मूळ सीमा दिसली, आणि काटा नेमका तिच्यावरच होता. म्हणजे यंत्रात काहीच बिघाड नव्हता. ज्या कोणी ते रंगवले, त्याने पट्टी थोडी सरकवून ठेवली होती.

हा दोष माझ्या एका नगापुरताच असेल, आणि मूळ रंगाचा जिफी-वे मिळाल्यास माझी तक्रार कदाचित उरणारही नाही. पण जुन्या बाजारात चकचकीत दिसणारा नग मूळचा की पुन्हा रंगवलेला, हे छायाचित्रावरून ओळखणे निदान मला तरी जमत नाही. माझ्याकडच्या ॲक्मेवर आकडे धातूतच उठवलेले आहेत. त्यावर धूळ बसते, डाग पडतात, घासून तो निस्तेज होतो, पण कोणी कितीही हौसेने डागडुजी केली तरी 24 चा आकडा आपल्या जागेवरून हलत नाही.

अचूकतेचाच प्रश्न असेल तर साधा डिजिटल काटा या दोघांनाही मागे टाकेल. तो विचार करणारा माणूस बहुधा या वाटेला येतच नाही. आपण कोणताही घेतलात, तरी बाजारात जाताना खिशात पाव डॉलरची दहा नाणी असू द्यावीत, आणि पैसे देण्यापूर्वी ती पारड्यात ठेवून पाहू देण्याची विनंती करावी. सध्या माझा ॲक्मे खुराड्याजवळच्या टेबलावर आहे आणि जिफी-वे फळीवर. येणारे पाहुणे कौतुक मात्र जिफी-वेचेच करतात.