पायलोनिडल सायनसची ऑपरेशनं: कोणतं वर्षानुवर्षं टिकतं?

माकडहाडावरच्या घडीत एक-दोन बारीक छिद्रं, अधूनमधून त्यातून येणारा पू किंवा रक्ताळ पाणी, बसलं की ठणका. पायलोनिडल सायनसचं हे नेहमीचं रूप. पुष्कळजण त्याला भगंदर समजतात, पण भगंदराची वाट गुदमार्गात उघडते, याची तशी उघडत नाही. छिद्र गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर मात्र एमआरआय करून दोन्हींतला फरक आधी पक्का करावा. ऑपरेशनच्या चार-पाच तऱ्हा मिळतात आणि जाहिरातीत प्रत्येकीपुढे ‘कायमचा इलाज’ असं लिहिलेलं असतं. कायमचा म्हणजे किती वर्षं, याच एका कसोटीवर इथे त्या पारखल्या आहेत.

वर्षभर त्रास झाला नाही, एवढ्यावर यश मानणं घाईचं आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात 89,583 रुग्णांची माहिती एकत्र केली होती. कॅरिडाकिस आणि बॅस्कम या, टाक्यांची रेषा घडीच्या मध्यापासून बाजूला नेणाऱ्या, पद्धतींत दुखणं उलटण्याचं प्रमाण 12 महिन्यांनी 0.2 टक्के आणि 24 महिन्यांनी 0.6 टक्के निघालं. लिम्बर्ग आणि त्याच्या जवळच्या फ्लॅपमध्ये (शेजारचा कातडीचा तुकडा फिरवून बसवण्याच्या पद्धतींत), यादृच्छिक चाचण्यांपुरतं (म्हणजे कुणाला कोणतं ऑपरेशन हे चिठ्ठीसारखं ठरवलेल्या अभ्यासांपुरतं) पाहिलं तर, तेच प्रमाण 0.6 आणि 1.8 टक्के होतं. रोगट भाग कापून मधोमध सरळ टाके घालण्याच्या पद्धतीत मात्र ते 240 महिन्यांनी, म्हणजे वीस वर्षांनी, 67.9 टक्क्यांपर्यंत पोचलं. या शेवटच्या आकड्याची अनिश्चितता मोठी आहे, 53 ते 82 टक्के. तरी त्यातली खालची बाजू धरली तरी निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं परत आलं.

असं का होतं, हे घडीकडे पाहिलं की कळतं. घडीचा तळ घामाने ओला राहतो, हवा लागत नाही, चालताना दोन्ही बाजूंची कातडी एकमेकींवर घासते. सुटा केस तिथे उतरला की कातडीत घुसतो. कॅरिडाकिस या ग्रीक लष्करी सर्जनने हजारो सैनिकांवर ऑपरेशनं करून तीन गोष्टी मांडल्या: सुटा केस, त्याला आत ढकलणारा जोर आणि दुबळी कातडी. मधोमध टाके घातले की यातली तिसरी गोष्ट आपण स्वतःच तयार करून देतो, कारण व्रणाची कातडी मुळातच नाजूक असते आणि घडीची खोलीही तशीच राहते.

म्हणून मधल्या टाक्यांच्या ऑपरेशनला आमची शिफारस नाही. पंचवीस मिनिटांत उरकतं, व्रण सरळ दिसतो, पण त्याच रेषेत जंतुसंसर्ग होऊन टाके उसवतात आणि खालचं टोक महिनोन्‌महिने भरत नाही. टाके घालायचेच असतील तर मध्यरेषेच्या बाजूला, हे कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या, संस्थेच्या आढाव्यानेही स्पष्ट सांगितलं आहे.

जखम उघडी ठेवून आतून भरू देणं ही जुनी पद्धत. मधल्या टाक्यांपेक्षा तिच्यात दुखणं कमी उलटतं, पण किंमत वेळेची आहे: रोजचं ड्रेसिंग, सहा ते दहा आठवडे, कधी तीन महिने. रोज ड्रेसिंग करायला घरी कुणी नसेल, किंवा काम उभ्याउभ्या मेहनतीचं असेल, तर हे फार जड जातं. जखमेच्या कडा वरून आधी जुळल्या आणि आत पोकळी राहिली तर सगळं पुन्हा सुरू होतं. त्यामुळे ड्रेसिंग करणाऱ्याने तळापर्यंत पाहणं आणि कडेचे केस काढणं सोडता कामा नये.

लिम्बर्ग फ्लॅप आपल्याकडे सर्वात सहज मिळतो आणि तो चांगला आहे. 60 आणि 120 अंशांच्या कोनांचा समभुज चौकोन कापून रोगट भाग माकडहाडावरच्या आवरणापर्यंत काढतात आणि शेजारच्या नितंबावरचा तेवढाच तुकडा फिरवून तिथे बसवतात. साचणारं पाणी बाहेर यायला ड्रेन (नळी) ठेवतात, टाके साधारण बाराव्या-चौदाव्या दिवशी निघतात. दोष दोन. व्रण मोठा दिसतो आणि फ्लॅपवर बधिरपणा राहतो, हा पहिला. दुसरा जास्त महत्त्वाचा: मूळ आखणीत चौकोनाचं खालचं टोक नेमकं मध्यरेषेत, गुदद्वाराकडे येतं. तिथली कातडी ओलीने पांढरी पडते, टाका सुटतो, आणि उलटलेलं दुखणं बहुधा तिथूनच डोकावतं. सुधारित लिम्बर्गमध्ये हे टोक एक-दोन सेंटिमीटर बाजूला घेतात. ‘खालचं टोक मध्यरेषेत येणार का?’ हा प्रश्न सर्जनला ऑपरेशनआधी जरूर विचारावा.

टिकण्याच्या कसोटीवर कॅरिडाकिस आणि बॅस्कमची क्लेफ्ट लिफ्ट सर्वांत वर. दोन्हींत संपूर्ण टाक्यांची रेषा बाजूला जाते आणि घडी उथळ होते. क्लेफ्ट लिफ्टमध्ये तर मुख्यतः कातडीच हलवतात, खालची चरबी फारशी काढत नाहीत, त्यामुळे वेदनाही कमी. आधीची दोन-तीन ऑपरेशनं फसलेल्या, न भरणाऱ्या जखमेसाठी हीच निवड योग्य. पण हे हात बसलेल्याचं काम आहे. आखणी चुकून रेषा पुन्हा मध्यावर आली तर नाव क्लेफ्ट लिफ्ट आणि निकाल मधल्या टाक्यांचा.

लेझर आणि दुर्बिणीच्या पद्धतींबद्दल थोडं सावध राहावं. दोन्हींत छिद्रातून आत जाऊन केसांचा पुंजका काढतात आणि पोकळीची भिंत जाळतात. छोटा व्रण, लवकर कामावर, दोन-चार दिवसांत बसता येतं, हे सगळं खरं. मात्र आत एक जरी केसांचा झुबका राहिला तर लेझरचा काही उपयोग नाही, आणि घडीची खोली तर तशीच राहते. पहिलाच आजार, एकच सरळ वाट, बाजूला फाटे नाहीत, अशांनी हा पर्याय जरूर घ्यावा. तीन-चार तोंडांच्या किंवा परत आलेल्या आजाराला ‘बिनटाक्याचं लेझर’ सुचवलं जात असेल तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. क्षारसूत्राचं, म्हणजे औषधी लेप दिलेला दोरा वाटेत बांधण्याच्या आयुर्वेदिक उपचाराचं, भगंदरावरचं काम भक्कम आहे. पायलोनिडलमध्ये त्याचा दीर्घ तुलनात्मक पुरावा तोकडा आहे.

गळू ठणकत असताना फक्त निचरा करतात, तोही मध्यरेषेच्या बाजूला चीर देऊन. ते अंतिम ऑपरेशन नव्हे. सूज उतरल्यावर मूळ छिद्रांचं काम करावंच लागतं.

नंतरच्या काळजीत एक सल्ला आम्हाला बदलायला हवा असं ठामपणे वाटतं: दर पंधरा दिवसांनी वस्तऱ्याने दाढी केल्यासारखे केस काढा, हा. जर्मनीतल्या रुग्णांच्या दीर्घ पाहणीत नियमित वस्तरा वापरणाऱ्यांत दुखणं उलटण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्के, न वापरणाऱ्यांत सुमारे 20 टक्के दिसलं. वस्तऱ्याने कापलेले टोकदार तुकडे तिथेच पडतात. केस काढायचेच तर लेझर हेअर रिमूव्हल करावं, तेही जखम पूर्ण भरल्यावर. सायनसमधून निघणारे केस पुष्कळदा मुळाविना, कापलेले आणि डोक्याचे असतात, असंही आढळलं आहे. तेव्हा केस कापून आल्यावर लगेच अंघोळ करावी आणि पाठीवरून घडीपर्यंत नीट पाणी घालावं. तंबाखू ओढणं टाके भरेपर्यंत तरी बंद ठेवावं. टाके घातलेली जखम सहा आठवड्यांनंतरही ओलीच असेल, तर नुसतं मलम बदलत बसू नये, आत केस किंवा पोकळी आहे का, हे सर्जनकडून तपासून घ्यावं.