माडीवरची माशांची टाकी आणि खालची सागवानी जमीन: सोळा महिन्यांचा अनुभव

रत्नागिरीतलं आमचं घर जुनं आहे. खाली कोबा, वर सागवानी फळ्यांची माडी. लहानपणी सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राच्या मत्स्यालयात काचेला नाक लावून उभा राहायचो, ती हौस चाळिशीत उफाळून आली आणि गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला माडीवर टाकी बसवली. ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १५९ लिटर, मी साधारण १४० भरतो. पाणी, काच, खडी आणि लोखंडी स्टँड मिळून सव्वादोनशे किलोच्या घरात जातं. त्यामुळे सुतारकाकांना आधी बोलावलं. त्यांनी तुळया कुठून कशा गेल्यात ते खालून बघितलं आणि टाकी तुळयांना आडवी, भिंतीलगत ठेवायला लावली, म्हणजे भार एकाच तुळईवर न येता दोन-तीन तुळयांवर वाटला जातो. तो सल्ला सोन्यासारखा निघाला. बाकी शहाणपण मी स्वतःच्या खर्चाने शिकलो, आणि शेवटी टाकीखाली फायबरचा ट्रे घातला. हे लिहिणं त्या ट्रेबद्दल.

पहिला धडा पंधरा दिवसांत. पाणी बदलताना नळी बादलीत सोडली आणि फोन घ्यायला गॅलरीत गेलो. नळी बादलीतून निसटली. परत आलो तर दहा-बारा लिटर पाणी फळ्यांच्या फटींतून खाली चाललेलं, आणि खाली माजघरात आईने संध्याकाळी आत आणून ठेवलेल्या आंबापोळीच्या ताटांवर टपटप.

"मेल्या, मासे पाळलेस की माडीवर विहीर खणलीस?"

दुसऱ्या दिवशी बाजारातून काळी रबरी मॅट आणली, जिममध्ये असते तशी जाड. नऊशे रुपये. टाकी रिकामी करून स्टँडखाली पसरली आणि निर्धास्त झालो. खरं सांगायचं तर माझी मोठी चूक तीच. सुरुवातीला मॅट छान वाटते. थेंब पडला की पुसून टाकता येतो, पायाखाली पाणी दिसत नाही. पण पाणी बदलताना सांडलेलं, झाकणावरून ओघळलेलं, हात बुडवून काढल्यावर कोपरावरून ठिबकलेलं असं चमचा-चमचा पाणी मॅटच्या कडेने खाली शिरतं आणि तिथेच बसतं. उन्हाळ्यात थोडंफार सुकत असेल. पण मृग लागला की आपल्याकडची हवाच ओली. दारं फुगून चौकटीत अडकतात, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे सव्वादोनशे किलोखाली दाबलेलं पाणी कुठून सुकणार?

नागपंचमीच्या सुमारास कुबट वास यायला लागला. मला वाटलं फिल्टर घाण झालाय. तो धुतला, वास तसाच. शेवटी मासे टबात काढून, टाकी रिकामी करून मॅट उचलली. खाली पांढरी बुरशी, पॉलिश दुधाळ झालेलं, आणि फळ्यांच्या कडा फुगून वर आलेल्या. फळीवर आडवी पट्टी ठेवली तर मध्ये खळगा, पन्हळीसारखा. स्टँडच्या एका पायापासून लोखंडाचं पाणी मॅटखाली झिरपलं होतं, तिथे निळसर काळा डाग. सागातल्या द्रव्यांची ओल्यात लोखंडाशी गाठ पडली की असा डाग उमटतो. तो बुरशीचा नसतो आणि घासून जात नाही. मी लिंबू चोळून बघितलं, थोडा फिका झाला इतकंच. पुढे हातमोजे घालून ऑक्झॅलिक अॅसिडचं पातळ पाणी लावलं, मग स्वच्छ पाण्याने पुसलं, तेव्हा बराचसा गेला.

मी लगेच रंधा मारून घ्यायच्या बेतात होतो. सुतारकाकांनी हात धरला. म्हणाले, "आता कडा तासल्यात, तर लाकूड वाळल्यावर त्या खाली बसतील आणि मध्ये उंचवटा राहील. दिवाळीपर्यंत फळीला हात लावू नका." पंखा लावून, खिडक्या उघड्या ठेवून वाट पाहिली. दिवाळीनंतर बहुतेक फळ्या आपोआप बसल्या. दोनच फळ्यांना हलकासा रंधा लागला. मग पूर्ण माडीला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, फटींकडे जास्त लक्ष देऊन.

आता ज्याबद्दल लिहायला बसलो ती वस्तू: फायबरचा ट्रे. तयार ट्रे शोधत होतो, पण माझ्या मापाचा मिळेना. मग सुचलं की मिरकरवाड्याला होड्यांचं फायबरकाम चालतं, त्यांना दीड इंच काठाचं ताट बनवणं काय अवघड! एका कारागिराने ४० बाय १९ इंचांचा, तळाला जाडी वाढवलेला ट्रे आठवड्यात दिला. बावीसशे रुपये. पहिले तीन आठवडे त्याला रेझिनचा असा वास होता की घरात ठेवणं अशक्य. अंगणात उन्हात टाकला, तेव्हा कुठे गेला. तुम्ही करून घेणार असाल तर हा वेळ धरूनच चला.

ट्रे थेट फळ्यांवर ठेवायचा नाही, नाहीतर मॅटचीच गत. खाली पाऊण इंच जाडीच्या सागवानी पट्ट्या, मागून पुढे अशा, आणि स्टँडचे पाय बरोबर त्या पट्ट्यांवर येतील असे. पाय मधल्या पोकळ जागेवर आले तर ट्रे तडकेल. पायांखाली, ट्रेच्या आत, रबराचे छोटे तुकडे. पट्ट्यांमधून हवा खेळते, आणि वाकून टॉर्च मारला की खालची फळी दिसते. मला सर्वांत जास्त किंमत याची वाटते: जमीन दिसते. दर रविवारी बघतो. सहा महिन्यांनी टिश्यू पेपर सरकवून बघितला, कोरडा ठाक.

खरी परीक्षा या जूनमध्ये झाली. वादळात रात्रभर लाईट गेली. हवेचा पंप स्टँडच्या खालच्या फळीवर होता, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या खाली. पंप बंद झाला की नळीतून पाणी उलटं उतरतं. ते अडवायला नळीत वन-वे व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) लावला होता, पण तो निकामी झालेला मला कळलाच नव्हता. सकाळी ट्रेमध्ये बोटभर पाणी, म्हणजे आठ-नऊ लिटर. स्पंजने उपसलं. आईला कळलंही नाही. आता पंप भिंतीवर, टाकीपेक्षा वर टांगलाय, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर घेतली आहे, म्हणजे ओघळ आला तरी झोळाच्या टोकाला ठिबकतो, प्लगमध्ये शिरत नाही.

उणिवाही आहेत. काठोकाठ भरला तरी ट्रेमध्ये जेमतेम अठरा लिटर मावतात. टाकीचा सांधा सुटला तर १४० लिटरपुढे त्याचा काही उपयोग नाही. कोपऱ्यांत खडीचा गाळ आणि धूळ साचते, जुना टूथब्रश लागतो. दिसायला तर अगदी मच्छीमारी होडीचा तुकडा. बायकोने पुढे सागवानी पट्टी लावून घेतली, तेव्हा जरा बरं दिसतं. ट्रेमध्ये पाणी आलं की वाजणारा साडेतीनशे रुपयांचा अलार्मही घेतला होता. त्याची टोकं पहिल्याच पावसात गंजली, म्हणून जूनच्या त्या रात्री तो मुकाच राहिला. परत घेणार नाही.

रबरी मॅट आता पडवीत आहे, आई त्यावर नारळ सोलते.