फायबर बॉडीची स्पोर्ट्स कार आणि ग्राउंडिंग किट: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

ग्राउंडिंग किट म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट नीट परतावा म्हणून जोडायच्या जादा केबलींचा संच. त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं: पिकअप वाढेल, मायलेज वाढेल, हेडलाइट उजळतील. पावसाळ्याच्या तोंडावर बसवलं, आता उन्हाळा लागलाय. पिकअप होता तसाच आहे आणि मायलेजमध्ये काडीचा फरक नाही. दिवे मात्र खरंच उजळले, आणि सेल्फ आता पहिल्या फटक्यात उचलतो. पण त्यातलं किटमुळे किती झालं आणि मीटर लावून नीट शोधल्यामुळे किती, हे वेगळं सांगायला हवं. अशी गाडी बाळगणारे बरेच जण केबलींवर पैसे घालतात आणि दुखणं तिथेच राहतं.

गाडी जुनी, दोन सीटची. लोखंडी चासी आणि वर फायबरची बॉडी. पत्र्याच्या गाडीत दिव्याची निगेटिव्ह तार जवळच्या पत्र्याला आवळली की काम भागतं. फायबरमधून करंट जातच नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याची, हॉर्नची, पंपाची अर्थ वायर (करंटच्या परतीची निगेटिव्ह तार) चासीपर्यंत ओढून आणलेली असते. म्हणजे तितके जास्त जोड, आणि प्रत्येक जोड पावसात भिजणारा. मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला जुलैत गाडी नेणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

लक्षणं अशी होती. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद लुकलुकायचा. हेडलाइट लावला की टेम्परेचरचा काटा वर चढायचा, बंद केला की लगेच खाली. पाणी इतक्या झटक्यात तापतही नाही आणि निवतही नाही, तेव्हा रेडिएटरकडे बघण्यात अर्थ नव्हता. परतीची वाट अडली की करंट दुसरी वाट शोधतो: ब्रेक लाइटचा करंट इंडिकेटरच्या फिलामेंटमधून, मीटर कन्सोलचा टेम्परेचर सेन्सरमधून. गॅरेजमध्ये बॅटरी बदला असं सांगितलं गेलं. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे तिचा काही दोष नव्हता.

आता मुख्य मुद्दा. अर्थ तपासायला बहुतेक जण मल्टिमीटर ओहमवर ठेवतात, ०.३ बघतात आणि ‘ओके’ म्हणतात. साध्या मीटरच्या प्रोबच्या तारांचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ ओहम भरतो, मग त्यातून काय कळणार? सेल्फ दीडशे अँपिअर ओढत असेल तर ०.०१ ओहमसुद्धा दीड व्होल्ट खातो, आणि इतका बारीक रेझिस्टन्स साध्या मीटरला दिसतच नाही. म्हणून मीटर डी.सी. व्होल्टवर ठेवायचा. एक प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावर), दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. मीटर दाखवतो तो परतीच्या वाटेत वाया गेलेला व्होल्टेज; ०.२ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. माझ्याकडे ०.९ आला.

मागच्या दिव्यांसाठी लांब तार लागते. मी पाच मीटरची साधी बारीक वायर वापरली. व्होल्ट मोजताना मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वायर बारीक असली तरी आकडा बिघडत नाही. पार्किंग आणि ब्रेक लाइट दोन्ही चालू ठेवून मागच्या अर्थवर १.४ व्होल्ट मिळाले. छोट्या सर्किटला ०.१ च्या वर गेलं की शोध घ्यावा. साध्या बल्बला १२ ऐवजी १०.६ व्होल्ट मिळाले तर उजेड सुमारे एक तृतीयांश कमी होतो. मागून येणाऱ्या ट्रकला धुक्यात आपण दिसतो की नाही, याचा हा प्रश्न आहे, आणि तो मला फार गंभीर वाटतो.

आधी किटला हात न लावता मूळचेच अर्थ पॉइंट सोडवले. बॅटरीची निगेटिव्ह काढून मग बाकी सगळं. पॉलिश पेपर आणि वायर ब्रशने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातले, आवळले आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली आवळल्यानंतर, कारण ती स्वतः करंट नेत नाही. एवढ्यावरच टेम्परेचरचा काटा शांत झाला. रेडिएटरचा पंखा चालू झाला की आयडलिंग डगमगायचं, तेही थांबलं.

किटचं काम उरलं दोन ठिकाणी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून चासीशी त्याचा खरा जोड अर्थ पट्टीनेच होतो. ती तुटली तर सेल्फचा करंट क्लच नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परततो आणि केबल तापून जळते. माझी विणलेली पट्टी अर्धी झिजली होती. किटच्या आठ गेज जाडीच्या केबली सेल्फसाठी एकट्या पुरेशा नाहीत, म्हणून तिथे २५ चौरस मिलिमीटरची नवी पट्टी घेतली आणि किटची केबल जोडीला दिली. आता ०.१२ व्होल्ट येतो. दुसरी केबल मागच्या दिव्यांच्या अर्थपासून चासीपर्यंत, तिथे ०.०६ वर आलं.

किटबद्दल तक्रार आहे ती लगची, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीची. केबलवरचं सिलिकॉन चांगलं आहे, इंजिनजवळच्या उष्णतेतही मऊ राहिलं. लगवरचा कथिलाचा मुलामा मात्र पातळ, आणि क्रिंप (लग तारेवर दाबून बसवलेला जोड) उघडाच. पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजलं तर मागे ०.३ व्होल्ट. कापून पाहिलं तर पाणी तारेत शिरून तांबं हिरवं पडलेलं. कथिलाचा चांगला मुलामा असलेले लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतले आणि वर गोंदवालं हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवलं. सोल्डर करू नका. ते तारेत चढून तार कडक करतं आणि हादऱ्यांनी ती तिथेच तुटते. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कनेक्टरांच्या आसपास मीटर लावू नका, ते काम जाणकाराकडेच द्या.

किटचे दोन हजारांच्या आसपास गेले. तेवढ्यात चांगली केबल, लग आणि हीट-श्रिंक सुटे घेऊन वायरमनकडून हवे तेवढेच तुकडे करून घेता येतात. पुढच्या वेळी मी तेच करणार.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आरपीएमबरोबर स्पीकरमध्ये वाढणारी बारीक शिट्टी. स्टिरिओचा अर्थ मोजला, ०.०२ व्होल्ट. अल्टरनेटरच्या डायोडची शंका होती, पण ए.सी. रेंजवर बॅटरीपाशी रिपल (डी.सी.मध्ये मिसळलेली ए.सी.ची लहर) नगण्य निघालं. अँप्लिफायरची सिग्नल केबल आणि पॉवरची केबल एकाच बाजूने, एकाच क्लिपमधून गेल्यात. या रविवारी सीट काढून त्या वेगळ्या करणार आहे.