आधी ट्रेमध्ये रोपं, की थेट वाफ्यात बी?

थंडी ओसरू लागली की हात शिवशिवतात, बियांची पाकिटं बाहेर निघतात. मग प्रश्न पडतो: ट्रेमध्ये रोपं करायची, की बी सरळ वाफ्यात टाकायचं?

टोमॅटो, मिरची, वांगी यांच्यासाठी मी डोळे झाकून ट्रे निवडेन. या बियांना नीट रुजायला साधारण २० ते २५ अंश ऊब लागते आणि जमीन तेव्हा अजून गारच असते. बाहेर लावण्याच्या ६ ते ८ आठवडे आधी घरात पेरलं तर तेवढा हंगाम हाती लागतो. मात्र ट्रे म्हणजे तान्हं बाळ सांभाळणं. उजेड कमी पडला की रोपं लांबुडकी होतात. पाणी जास्त झालं की बुरशी लागून बुंध्यापाशीच कोलमडतात. शिवाय लावणीआधी आठवडा-दहा दिवस त्यांना रोज थोडा थोडा वेळ ऊन-वारा दाखवावा लागतो. घाई नडते ती इथेच. एका दुपारच्या उन्हातही कोवळी पानं पांढरी पडतात.

थेट पेरणीत ही उठाठेव नाही. गाजर, मुळा वाफ्यातच पेरावेत. उपटून लावताना गाजराचं सोटमूळ दुखावलं की त्याला फाटे फुटतात. वाटाणा, पालक गार मातीतही रुजतात, फक्त सावकाश. पक्षी आणि गोगलगायी आपला वाटा उचलणारच, म्हणून बी सढळ हातानं टाका, नंतर विरळणी करा, म्हणजे दाटीतली जादा रोपं उपटून टाका. (जीव तुटतो, तरी करा.)

पेरण्याआधी मूठभर माती दाबून बघा. चिकट गोळा झाला तर थांबा, बोट लावताच भुसभुशीत फुटला तर पेरा. तोवर ट्रेवाल्यांची रोपं आत वाढतच असतात.