एकदा प्रायव्हेट, की दोनदा पब्लिक?

सहलीत गोल्फसाठी दोन दिवस हाती आहेत. ओळखीच्या ओळखीतून एका प्रायव्हेट क्लबचं आमंत्रण मिळण्यासारखं आहे. कोर्स अवघड, नाव मोठं, पण खेळायला मिळणार एकदाच. त्याच भागात तितकाच अवघड एक पब्लिक कोर्सही आहे, आणि तिथे रीतसर बुकिंग करून दोन्ही दिवस खेळता येईल. कुठे जायचं?

दहापैकी नऊ जण क्षणभरही विचार न करता प्रायव्हेट म्हणतील. पब्लिक काय, कधीही खेळता येईल. हे दार पुन्हा उघडेलच असं नाही. मीही दोन सहलींत हेच केलं. आता मात्र इतक्या झटकन हो म्हणत नाही. अवघड कोर्स पहिल्या भेटीत आपल्याला नीट दिसतच नाही, हे एव्हाना कळून चुकलंय.

माझा हँडिकॅप, म्हणजे पारपेक्षा (कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा, अठराच्या आसपास असतो. पहिल्या प्रायव्हेट कोर्सवर चौथ्या होलच्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) कॅडीने, म्हणजे सामान वाहून वाट सांगणाऱ्या सोबत्याने, उजवीकडच्या एका उंच झाडाकडे बोट दाखवलं. म्हणाला, त्याच्या शेंड्यावर मारा. मला झेंडा दिसत होता समोर, थोडा डावीकडेच. झाडाखाली तर नुसतं उंच गवत दिसत होतं. मान डोलावली आणि हात आपोआप झेंड्याकडे गेले. फटका छान बसला. चेंडू फेअरवेच्या, म्हणजे आखूड गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध पडला, आणि तिथून उतारावरून निवांत घरंगळत डावीकडच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जाऊन बसला. संपूर्ण फेअरवे उजवीकडून डावीकडे कलता होता, आणि टीवरून त्याचा मागमूस लागत नव्हता. कॅडी काहीच बोलला नाही, मुकाट्याने रेक घेऊन पुढे चालू लागला.

नवव्या होलच्या ग्रीनवर, कपाच्या (चेंडू टाकायच्या खड्ड्याच्या) वरच्या बाजूला साधारण बारा फुटांवर होतो. चेंडूला काठी नुसती टेकवल्यासारखं केलं, इतकंच. तो कपाच्या कडेला घासून गेला, थांबल्यासारखा झाला, आणि मग पुन्हा चालू लागला. ग्रीनची कड ओलांडून खाली फेअरवेवर तीसेक पावलांवर थांबला. या वेळी कॅडी बोलला, ‘वरून आलात ना, म्हणून.’ म्हणजे चूक पटची (ग्रीनवरच्या हलक्या फटक्याची) नव्हतीच, त्याआधीच्या फटक्याची होती. त्या ग्रीनवर झेंड्याच्या खालीच थांबायचं असतं. हे कळलं तेव्हा होल संपला होता, आणि त्या होलवर मी पुन्हा कधीच येणार नव्हतो.

मोठ्यांचंही असंच होतं

अमेरिकेचा नामवंत खेळाडू बॉबी जोन्स १९२१ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर पहिल्यांदा ओपन (ब्रिटिश ओपन) खेळला. तिसऱ्या राउंडमध्ये पहिल्या नऊ होल्सना ४६ फटके लागले आणि अकराव्या होलवर त्याने चक्क खेळ सोडला. कोर्स त्याला मुळीच आवडला नव्हता. १९२७ मध्ये त्याच कोर्सवर त्याने ओपन जिंकली, आणि पुढे जन्मभर त्या कोर्सचं कौतुक करत राहिला. सहा वर्षांत कोर्स बदलला नव्हता, त्याला तो समजला होता.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या ओकमाँटचं. १९०३ साली हेन्री फाउन्सने उभारलेला हा प्रायव्हेट कोर्स आजही वेगवान ग्रीन्ससाठी कुप्रसिद्ध आहे. १९३५ च्या यूएस ओपनमध्ये तिथे भल्याभल्यांची दाणादाण उडाली. चार राउंड मिळून ३०० च्या आत आला तो फक्त सॅम पार्क्स ज्युनिअर, २९९ वर. तो काही मोठा खेळाडू नव्हता. जवळच्याच एका क्लबवर प्रो (नेमलेला व्यावसायिक खेळाडू) होता आणि स्पर्धेआधी ओकमाँटवर भरपूर सराव करून आला होता. त्याच स्पर्धेत एक पट ग्रीनवरून निसटून बंकरमध्ये गेलेला पाहून एडवर्ड स्टिम्पसनला ग्रीनचा वेग मोजायची साधी पट्टी सुचली. आजचा स्टिंपमीटर तो हाच. तेव्हा तुमचा पट निसटला तर वाईट वाटून घेऊ नका. त्या दुःखातून एक उपकरण जन्माला आलंय.

उलट दाखलाही द्यायला हवा. पाइन व्हॅली हा अमेरिकेतला अतिप्रसिद्ध आणि अतिखडतर प्रायव्हेट कोर्स. पहिल्यांदा खेळणाऱ्याला ८० च्या आत येता येणार नाही, अशी पैज तिथले मेंबर पूर्वी लावत. अर्नॉल्ड पामरने १९५४ मध्ये ती पैज घेतली आणि ६८ मारले. पण पामर त्याच वर्षी यूएस अ‍ॅमॅच्युअर, म्हणजे हौशी खेळाडूंची मोठी स्पर्धा, जिंकला होता. आपण सहलीला निघालेली माणसं.

प्रायव्हेटमध्ये मिळतं काय

खूप काही मिळतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. गर्दी नसते. मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा नसतो. ग्रीन्स एकसारखी असतात, म्हणजे पट चुकला तर तो तुम्हीच चुकवलेला असतो. बंकरमधली वाळू सगळीकडे सारखी असते. मुख्य म्हणजे सोबत मेंबर असतो, आणि तो कोर्स त्याला घरच्यासारखा पाठ असतो. बाराव्या होलवर डावीकडे कधीच जाऊ नका, हे त्याचं एक वाक्य कुठल्याही यार्डेज बुकपेक्षा (अंतरं दाखवणाऱ्या पुस्तिकेपेक्षा) मोलाचं.

पण तुम्ही पाहुणे असता. माझ्या मते याचा खेळावर होणारा परिणाम लोक फार कमी लेखतात. चेंडू हरवला की नियमाने शोधायला तीन मिनिटं असतात (२०१९ पूर्वी पाच होती), पण यजमान गवतात वाकून तुमचा चेंडू शोधत असेल तर एक मिनिटही भारी जातं. पब्लिक कोर्सवर सलग तीन होल्स बिघडले तर आपण स्वतःवर वैतागतो. इथे आपण यजमानाची माफी मागत सुटतो. माझ्या दुसऱ्या प्रायव्हेट राउंडमध्ये पंधराव्या होलपर्यंत मी इतक्यांदा सॉरी म्हटलं की शेवटी यजमान हसून म्हणाले, ‘अहो, आम्हीही इथे असेच खेळतो, फक्त गप्प बसून.’

मोबाइल, कपडे, टोपी कुठे काढायची, पैसे कसे द्यायचे हे प्रत्येक क्लबचं वेगळं असतं. आधी विचारून ठेवलं की प्रश्न मिटतो.

पब्लिक म्हणजे सोपा नव्हे

हा गैरसमज एकदा काढून टाकायला हवा. न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅकच्या पहिल्या टीजवळ पाटीच लावलेली आहे: कोर्स अत्यंत अवघड आहे, फक्त चांगल्या खेळाडूंनीच खेळावा अशी आमची शिफारस आहे. हा सरकारी पार्कातला कोर्स. गोल्फ कार्ट नाही, सगळं पायी. २००२ ची यूएस ओपन इथे झाली तेव्हा पारच्या खाली एकटा टायगर वुड्स संपला. स्कॉटलंडमधलं कार्नूस्टीही सर्वांना खुलं आहे, आणि १९९९ च्या ओपनमध्ये तिथल्या अठराव्या होलवर जाँ व्हान द व्हेल्डने हाती आलेलं विजेतेपद कसं घालवलं हे गोल्फ पाहणाऱ्याला सांगायला नको. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्सही पब्लिकच. तिथे टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) मिळणं हाच आधी नशिबाचा खेळ, कारण बरेच टी टाइम सोडतीने जातात.

पब्लिकचे तोटे उघड आहेत. राउंड रेंगाळतो, कधी पाच तासही लागतात. अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये घातलं जातं. ग्रीन्सवर न बुजवलेले खळगे असतात आणि आपला पट नेमका त्यातूनच जातो. पण तिथे कुणाचं देणं नसतं. चेंडू परत ठेवून तोच पट पुन्हा मारा, त्याच बंकरमधून दुसरा चेंडू मारून बघा (मागे कुणी नसेल तर), आणि उद्या परत या.

आकडे पाहूनच टी निवडा

कोर्स किती अवघड आहे याचा अंदाज घ्यायला नावापेक्षा स्लोप रेटिंग बघा. हा आकडा ५५ ते १५५ मध्ये असतो आणि ११३ हा मध्यम मानला जातो. स्क्रॅच (शून्य हँडिकॅपच्या) खेळाडूच्या तुलनेत साध्या बोगी खेळाडूला, म्हणजे होलमागे साधारण एक फटका जास्त घेणाऱ्याला, कोर्स किती जास्त छळतो, हे तो सांगतो. त्यामुळे आपल्यासारख्यांसाठी तोच खरा आकडा.

हिशेब करून पाहू. हँडिकॅप इंडेक्स १८. मागच्या टीजवरून स्लोप १४५, कोर्स रेटिंग (स्क्रॅच खेळाडूला अपेक्षित फटके) ७४, पार ७२. अठराला १४५ ने गुणा, ११३ ने भागा: २३.१. त्यात रेटिंग आणि पारमधला फरक, म्हणजे २ मिळवा. कोर्स हँडिकॅप झाला २५. आता त्याच कोर्सच्या पुढच्या टीज घ्या: स्लोप १२८, रेटिंग ६९.५. गुणाकार-भागाकार २०.४, त्यातून अडीच वजा, म्हणजे १८. कोर्स तोच, सकाळ तीच, आणि सात फटक्यांचा फरक फक्त कुठून सुरुवात केली यावर.

प्रायव्हेटवर इथेच फसगत होते. यजमान मागून खेळत असतो, आपल्याला पुढे जाऊन उभं राहायची लाज वाटते, आणि आपण हात दाखवून अवलक्षण करून घेतो. पब्लिकवर हा प्रश्न पहिल्या दिवशी चुकला तर दुसऱ्या दिवशी सुधारता येतो. स्कोअरही स्टेबलफोर्डने, म्हणजे होलगणिक गुण देणाऱ्या पद्धतीने, ठेवा. एखादा होल हातचा गेला की चेंडू उचलायचा आणि पुढे चालायचं. यजमान मनातल्या मनात आभार मानतो.

आधी हे बघा: दार किती बंद आहे?

सगळे प्रायव्हेट क्लब एकसारखे बंद नसतात, आणि काही वेळा हा पेच मुळातच नसतो. ऑगस्टा नॅशनल किंवा पाइन व्हॅलीला मेंबरच्या आमंत्रणाशिवाय प्रश्नच येत नाही. पण स्कॉटलंडमधलं म्यूरफील्ड हे १७४४ पासूनच्या जुन्या क्लबचं मैदान असूनही ठरावीक दिवशी पाहुण्यांना खेळू देतं. उत्तर आयर्लंडमधलं रॉयल काउंटी डाउनही तसंच. तिथे टेकड्यांआड फेअरवे दिसतच नाही आणि वरच्या पांढऱ्या दगडावर नेम धरून मारायचं असतं. अशा ठिकाणी तुमच्या क्लबचं पत्र आणि हँडिकॅपचा दाखला घेऊन आधीच वेळ मागितलीत तर दुसऱ्यांदाही खेळता येतं. मग प्रायव्हेट की पब्लिक हा प्रश्न उरत नाही, दोनदा की एकदा एवढाच उरतो, आणि त्याचं माझं उत्तर दोनदा.

मेंबरच लागत असेल तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका. खेळायचंय, जमेल का, असं सरळ विचारा. आडून आडून सुचवलेलं मेंबरला लगेच कळतं. त्याला असे रोज भेटतात.

मग कुणी कुठे जावं?

हँडिकॅप दहाच्या आत असेल आणि यजमानाशी खरी मैत्री असेल तर प्रायव्हेटच. एका राउंडमध्ये कोर्स तुम्हाला जितका समजेल तितका पुरेल. हँडिकॅप वीसच्या वर, यजमान मित्राच्या मित्राचा साहेब, त्यात भाड्याचे क्लब्ज (गोल्फच्या काठ्या), तर पब्लिक घ्या आणि दोनदा खेळा. मधल्या पट्टीतल्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, एकच बघावं: कॅडी मिळणार का? मिळत असेल तर प्रायव्हेट, आणि तो म्हणेल तिथेच मारायचं, झेंडा दिसो न दिसो. कॅडी नसेल आणि यजमान अबोल असेल तर चार तास आंधळी कोशिंबीर होते.

पब्लिक निवडलंत तर दोन राउंड लागोपाठच्या दिवशी ठेवा. मध्ये चार दिवस गेले की ग्रीन्सचे उतार विसरतात. आमच्या गेल्या सहलीत सातव्या होलवर मी पहिल्या दिवशी ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायची काठी) घेतला आणि आठ फटक्यांवर संपलो. दुसऱ्या दिवशी टीवरूनच पाच नंबरचं आयर्न (कमी अंतराची काठी) काढलं. खरा धोका अडीचशे यार्डांवरचा बंकर होता आणि तिथपर्यंत जायचंच नव्हतं. पाचवर संपलो. पूर्ण सहलीत मला सर्वांत जास्त आठवतो तो हा पाच.

तरीही प्रायव्हेटचा मोह सुटलेला नाही. पुढच्या सहलीसाठी एक आमंत्रण आलंय, आणि कोर्स पुन्हा एकदाच खेळायला मिळणार आहे. या वेळी मी यजमानांना एकच विचारलं: आदल्या संध्याकाळी, शेवटचा ग्रुप आत आल्यावर, क्लब्ज न घेता कोर्सवरून नुसता चालत फिरलो तर चालेल का? लगेच उत्तर आलं. ‘या की. मीही येतो, कुत्र्याला फिरवायचंच असतं.’