दिवाळीचे दळण आणि आमच्या गावची गिरणी

वाई तालुक्यातील आमच्या गावात पिठाची गिरणी एकच आहे आणि कोजागरी ते वसुबारस या अवघ्या बारा दिवसांत तिच्यावर पडणारा भार वर्षात एरवी कधीच पडत नाही. मुंबई-पुण्याकडची मंडळी सणाला घरी येणार, माहेरवाशिणी भाऊबीजेपर्यंत राहणार आणि परतताना प्रत्येकाच्या हाती फराळाचा डबा द्यायचा, असा आमच्या एकत्र कुटुंबाचा रिवाज असल्यामुळे या गिरणीच्या कामाचा मला चांगला अनुभव आहे.

येथील सर्वांत मोठा गुण म्हणजे दळणाचा क्रम. चकलीची भाजणी गव्हावर दळली की दगडात राहिलेले गव्हाचे पीठ तिच्यात मिसळते आणि चकलीचा खुसखुशीतपणा जातो. म्हणून ती तांदळावर किंवा हरभऱ्याच्या डाळीवर दळावी लागते. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभराडाळ आणि एक वाटी उडीदडाळ निरनिराळी भाजून, धने-जिरे घालून केलेली भाजणी बिघडली, तर साऱ्या जावांची दिवसभराची मेहनत वाया जाते. हे गिरणीवाले दादा पुरते जाणून आहेत. दिवाळीच्या दिवसांत सकाळी ते आधी तांदूळ घेतात, त्यावर भाजणी आणि डाळी काढतात, गहू-ज्वारी दुपारनंतरच. बेसन लाडवाला हवे की शेवेला, हेही ते विचारतात, कारण लाडवाची डाळ रवाळ लागते आणि शेवेची बारीक. त्याप्रमाणे ते प्रत्येक डब्यासाठी दगडांमधील अंतर कमी-जास्त करतात. तालुक्याच्या दुकानांत तयार भाजणीची पाकिटे मिळतात, पण घरच्या चवीचे प्रमाण आणि हवा तसा जाडसरपणा त्यांत मिळत नाही.

आश्विनात सोयाबीनची काढणी-मळणी चालू असल्याने बायका दिवसभर शेतात असतात. त्यांच्यासाठी गिरणी रात्री उशिरापर्यंत चालू ठेवली जाते, ही सोय मला फार मोलाची वाटते. त्या वेळी ओट्यावर कोणाच्या घरी कोण आले, कोणाची लेक पहिल्या दिवाळसणाला येणार आहे, कोणाकडे करंज्या लाटायला हात कमी आहेत, याची चौकशी होते आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी-तिघी पोळपाट-लाटणे घेऊन त्या घरी हजर होतात.

दोष सांगायचा तर एका वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर दगडांना टाकी लावली गेली, म्हणजे छिन्नीने ठोकून ते पुन्हा खडबडीत केले गेले, आणि त्यानंतर दळलेल्या आमच्या ज्वारीच्या पिठात कच आली. टाकी लावल्यावर थोडे हलके धान्य किंवा कोंडा दळून मगच लोकांचे दळण घ्यायला हवे होते. वीज गेली की डबे साचतात आणि कोणता डबा कोणाचा याचा गोंधळ होतो, तेव्हा डब्यावर नाव आणि दळणाचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी चिकटवून देणे बरे. वृद्ध स्त्रियांना बसण्यासाठी एखादे बाकडेही ठेवायला हवे; इतका वेळ त्यांना उभे ठेवणे योग्य नाही.

पीठ गरम असते, त्यामुळे घरी आणल्यावर ते परातीत पसरून निववावे; तसेच झाकून ठेवल्यास डब्याला आतून घाम सुटतो आणि गुठळ्या होतात. वसुबारसेच्या उपवासाला गवारीच्या भाजीबरोबर लागणारी बाजरी आदल्या दिवशीच दळून आणावी, कारण बाजरीचे पीठ लवकर कडू होते. अनारशाचे तांदूळ मात्र या गिरणीत नेऊ नयेत. ते ओलसर असल्याने दगडाला चिकटतात आणि दादा ते घेत नाहीत, तेव्हा ते घरीच कुटून चाळून घ्यावेत.